शेवटचा हात

"आई, आरती राहू दे! अकराला कॉलेजात परीक्षक येतील आणि माझी भाषा परत कोसळली!"

लेक 'सी' या संगणकभाषेत स्वतःची छोटी भाषा रचत होती. तबक घेऊन मी मागे उभी राहिले. "कशानं गं?"

"आकडा असो की यादी, प्रोग्रॅमच्या एका ओळीचं काम झालं की मी ती वस्तू मेमरीतून पुसते. पण दुसरी ओळ तीच वस्तू अजून धरून असते."

"मग किती जणी धरून आहेत ते त्यावरच लिही. शेवटच्यानं आरती घेतल्याशिवाय मी तबक ठेवते का?"

ती थबकली. प्रत्येक वस्तूच्या रचनेत तिनं धरणाऱ्यांची संख्या जोडली. शून्य झाली तरच पुसायचं. अर्ध्या तासानं भाषा चालली.

सॅक उचलून ती दाराशी गेली, वळली. "अजून उभीच तू?"

मी पुन्हा कापूर पेटवला. "एक हात बाकी होता, बाळा."