कान असेल तर कप

डॉक्टरांनी मला दिवसाला एकच कप चहा सांगितला, पण तो कप केवढा असावा हे सांगायला ते विसरले. माझा सगळा फायदा या एका विसरण्यात होता. म्हणून अडुसष्टाव्या वर्षी मी मातीकामाच्या वर्गात नाव घातलं. सूनबाई म्हणाली, "बरं झालं बाबा, मन रमेल."

मन चांगलंच रमलं. माती भट्टीत आक्रसते असं कळल्यावर मी कपाला मातीच्या आणखी चार वळ्या चढवल्या.

शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, हा कप आहे की कुंडी?"

"कान लावला की कप."

"मग जोडाच्या जागी दोन्हीकडे ओरखडे काढा आणि मगच कान चिकटवा. नाहीतर गळून पडेल हो."

हे मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. तल्लफ आलेल्या माणसाला ओरखडे काढायला कुठला वेळ!

भट्टी उघडली तेव्हा कान एकीकडे आणि कप एकीकडे होता. तरी मी तो तसाच घरी आणला. सूनबाईने दोन्ही हातांनी उचलून न्याहाळला, "अगंबाई, कुंडी किती छान केलीत!" म्हणाली आणि माझ्यादेखत तळाला भोक पाडून त्यात गवती चहा लावला.

"कप म्हणालात तरी चालेल बाबा, आत चहाच आहे."

मला अजूनही एकच कप मिळतो. गवती चहा मात्र दिवसातून दोनदा पोटभर पितो, आणि त्याला पाजतो मी.