ओवीचा बिंदू

“ही कुणाची गं पोर? खळी तर थेट तुझ्या आईची!” तात्यांनी ओवीला आजही पहिल्यांदाच पाहिल्यासारखं मांडीवर घेतलं.

“तुमचीच नात, तात्या.”

विसरण्याचा आजार वाढला असावा, या धास्तीने केतकीने वडिलांच्या डोक्यात बसवलेल्या स्मृतिपेटीचा आलेख पडद्यावर उघडला. त्यात माणसं म्हणजे बिंदू आणि नाती म्हणजे रेघा. ओवीचा बिंदूच नव्हता. तात्यांच्या खात्यापुढे लिहिलं होतं, ‘भूमिका: फक्त वाचक’.

केतकीला एकदम आठवलं. खात्याची व्यवस्था तिच्याकडेच होती. बाळंतपणाला माहेरी आल्यावर एकदा ती तात्यांना वाट्टेल ते बोलली होती. ते त्यांच्या लक्षात राहू नये म्हणून बोलण्याआधीच तिने नवी आठवण लिहिण्याचा त्यांचा हक्क काढून घेतला होता. नंतर तो परत द्यायचा राहूनच गेला.

आता आधी माफी मागितली आणि मग हक्क दिला, तर तिची कबुली त्यांना आठवणारच नव्हती. हा विचार मनात आल्याचीच तिला लाज वाटली. तिने आधी ‘लेखक’ निवडलं.

“तात्या, तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांग की. पण आधी हिचं नाव?”

“ओवी.”

पडद्यावर नवा बिंदू उमटला. मग केतकी मान खाली घालून बोलू लागली.