पिवळी बरणी

आचान, म्हणजे प्राध्यापक, सुवित यांनी पिवळी बरणी तराजूवर ठेवायला सांगितली, तेव्हा जंतिमानं ती मुद्दाम सावकाश उचलली. सहा आठवडे ती त्या बरणीतून पूड चोरत होती.

हात याई शहरातल्या या प्रयोगशाळेत कामाला लागून तिला तीनच महिने झाले होते. उंदरांच्या हृदयाची एक नस बांधून त्यांना झटका आणलेला असायचा. मग ते हृदय हळूहळू फुगत जायचं. ते फुगणं थांबवणारं औषध शोधायचं होतं. लाल, निळ्या आणि पिवळ्या झाकणांच्या तीन बरण्या. कुठल्या बरणीत काय, ते फक्त आचानच्या बंद लिफाफ्यात. जंतिमानं पूड पाण्यातून द्यायची, सोनोग्राफीवर हृदयाची रुंदी मोजायची आणि गटाची सरासरी मांडायची.

लाल गट फुगत होता. निळाही, थोडा कमी. पिवळ्याची सरासरी मात्र दर पंधरवड्याला उतरत होती.

घरी तिचे वडील तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं म्हातारा समोर बसलेला असताना सांगितलं होतं, हृदय फुगलंय, आता फुगतच जाणार. नवीन औषध बाजारात यायला दहा वर्षं. ज्यांची छाती धड आहे त्यांनीच दहा वर्षांच्या गप्पा माराव्यात.

तिनं उंदराचा दर किलोमागचा डोस सहानं भागला आणि वडिलांच्या वजनानं गुणला.

"शेपूट फुटली तर सांगतो," भाताच्या पेजेत पूड ढवळत ते म्हणाले होते.

"फुटली तर जत्रेत बसवीन तुम्हाला, बाबा."

"आधी लग्न उरकून घे. शेपटीवाला सासरा कोण पत्करेल?"

तेव्हापासून कुणी मागून हाक मारली तरी ती दचकायची. प्रासितला सगळे लुंग, म्हणजे काका, म्हणत; त्याची तर धास्तीच होती. तो म्हातारा पिंजरे धुवायचा आणि त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"लुंग, पिवळ्यात आज चार कमी दिसतायत," एकदा तिनंच विचारलं होतं.

"घरी पाठवले."

मागच्या शेडमध्ये पुढच्या तपासण्यांसाठी नेले असतील आणि तिथं त्यांची पूड लुंग देत असणार, असं तिनं तेव्हा आणि पुढेही धरलं.

"तुझं काम हलकं झालं ना? मग तोंड कशाला पाडतेस, पोरी?"

आचान दीड महिना परदेशात होते. काल आले, आणि आज तराजू.

काटा थांबला. आचाननी पिवळ्या गटातल्या चोवीस उंदरांचा हिशेब समोर धरला. तेवढीच पूड लागायला हवी होती. तेवढीच लागली होती.

जंतिमाला खरं वाटेना. बरणीत पूड कमी पडायला हवी होती. का पडली नाही हे तिला समजेना, आणि समजून घ्यायचंही नव्हतं. वाचले, बस्स.

आचाननी लिफाफा फाडला. "लाल म्हणजे नुसती साखर. निळं जुनं औषध. पिवळं आपलं नवीन."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आज सकाळीच वडील म्हणाले होते, काल दोनच उशा लागल्या. दुपारी एकला घ्यायची पूड त्यांच्या उशाशी ठेवून ती निघाली होती.

"सरासरी बघितलीत ना, आचान?"

"बघितली." ते अजून तराजूकडेच बघत होते. "पिवळ्यातले सातच उरलेत. सात उंदरांनी चोवीस जणांची पूड कशी संपवली?"

"बाकीचे घरी पाठवले ना? लुंग म्हणाले होते."

"प्रासित जनावरांसमोर मेला हा शब्द काढत नाही. सतराच्या सतरा त्यानं मागे पुरलेत. त्याची वही मी आज पहाटे वाचली." आचाननी दार लावून घेतलं. "पूड कुणाला दिलीस?"

तिनं वर बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते.

"मोठ्या हृदयाचा एकही वाचला नाही, म्हणून सरासरी उतरली, जंतिमा. उरले त्यांचं मुळातच लहान होतं."