शिक्षण दहावी

इस्त्रीच्या टेबलापलीकडून मावशीने त्या पोरीला नखशिखांत न्याहाळलं. लॉन्ड्री मावशीची, तेव्हा संशय घ्यायचा हक्कही तिचाच.

“शिक्षण?”

“दहावी.”

दहावी म्हणे! बोलणं तोलूनमापून, बसली तीही ‘बसू का?’ विचारून. कुठेतरी पाणी मुरतंय, मावशी मनात म्हणाली. मागे तिने एक पदवीवाला ठेवला होता. शर्टाची कॉलर जरा जमायला लागली, तोच त्याला ऑफिसात नोकरी लागली आणि ऐन गर्दीच्या दिवसांत बाबा पसार! तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. पदवीवाले नकोत म्हणजे नकोत.

“बघू तरी हात चालतो का,” म्हणत तिने एक काळा झगा पुढ्यात टाकला. पदवीदानाला भाड्याने देतात ना, त्यातला. ढीगभर आले होते धुवायला. “इस्त्री कर आणि हँगरला लाव.”

इस्त्री बरी झाली. पोरीने झगा हँगरवर चढवला, खांद्यावर रंगीत पट्टी टाकली आणि पट्टीच्या आतली बारीक नाडी चाचपून झग्याच्या गुंडीत अडकवली. इतकी वर्षं झगे धुऊनही ती नाडी कशाला असते, हे मावशीला कळलं नव्हतं.

“हे कशाला गं?”

“नाहीतर पट्टी ऐन फोटोच्या वेळी गळ्याशी येते.”

बोलून गेली आणि पोरीने जीभ चावली.

“अस्सं! दहावीला झगा घालून फोटो काढतात होय?”

पोरीची मान खाली गेली. “खरं सांगितलं की सगळे म्हणतात, तू टिकणार नाहीस. मावशी, मला काम हवंय हो. कुठलंही.”

“विषय कुठला?”

“रसायनशास्त्र. प्रथम श्रेणीत पास झालेय.”

मावशीने हँगरवरच्या झग्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. तिची लेक त्याच विषयाच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा तोंडावर आलेली, आणि लेकीचं पुस्तकातून डोकं वर निघत नव्हतं. आपल्या आईचे इस्त्रीचे दिवस आता संपलेच, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली होती.

“उद्या सकाळी ये,” मावशी म्हणाली.

पोरीचा चेहरा खुलला. ती दारापर्यंत गेली, तशी मावशीने मागून हाक मारली.

“आणि हे बघ, दुपारी माझी लेक डबा घेऊन येते. तिने विचारलं, तर दहावीच सांग.”