अर्जुनरावांचा शक

“गिळला का? तोंड उघडून दाखव.”

छायानं तोंड उघडून दाखवलं. अर्जुनरावांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून आत नीट पाहिलं, पण ताटाला हात लावला नाही. एका घासानं काय समजते, ते म्हणाले, जहर सावकाश चढते. अर्धी भाकर तरी होऊ दे.

मग छाया अर्धी भाकर खाई. वरणासोबत, पालकाच्या भाजीसोबत, वर शेंगदाण्याची चटणी. ती जिवंत आहे अशी खात्री पटली की अर्जुनराव उरलेलं जेवत.

छाया अमडापूरहून सकाळी सहाच्या ऑटोनं या वृद्धाश्रमात यायची. अकरा म्हाताऱ्यांच्या आंघोळी, चादरी, कुणाची वेणी, कुणाचं डायपर. कामावरच्या बायांनी सगळ्यांचं आटोपल्यावर जेवायचं, असा तिथला रिवाज होता. आटोपायला तीन वाजत. तोवर डब्यातली भाकर वाळून जाई, अन् भूकही.

अर्जुनरावांचा हा शक दोन महिन्यांपूर्वी सुरू झाला. न्हाणीघरात म्हणे पाय घसरला अन् त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं, चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. टेंगूळ उतरलं अन् चार दिवसांनी अर्जुनराव म्हणू लागले, मले कोणी तरी जेवणात जहर घालून राह्यलं. आता डोक्यालाच मार लागला म्हटल्यावर माणूस असं बोलणारच, यावर सगळ्यांचं एकमत झालं. सुलतानपूरकडचे वीस एकरवाले गृहस्थ, सख्ख्या भावाचं उष्टं कधी खाल्लं नाही, अन् आता छायाचं उष्टं निमूट खात होते. डोकं फिरल्याचा याहून मोठा पुरावा कुणाला पाहिजे होता?

एकट्या छायाला ठाऊक होतं की आबाजींचा, म्हणजे अर्जुनरावांचा, पाय घसरलाच नव्हता. त्यांना धरून उठवताना तिच्याच डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. चक्कर येणाऱ्या बाईच्या हाती म्हातारी माणसं कोण देईल? घरी दोन पोरी शाळेत, कमावणारी ती एकटी. आपल्या हातून झालं ते आपणच फेडायचं, असं म्हणून ती रोज ते अर्धं ताट खाली मान घालून खाई.

आणि शक तर वाढतच चालला होता. मुलानं, गोपालनं, खजूर पाठवले, तर सहातले चार छायाला तपासावे लागले. डिंकाचे लाडू आले, त्यावर तर त्यांचा विशेषच संशय.

“तुमाले मारून कोनाले काय भेटनार हाय, अर्जुनराव?” शेजारच्या खोलीतून सुभद्राबाई विचारायच्या. “उलट लाडवाचा खर्चच होते.”

“तुमी गप राहा. तुमच्यावरही शक आहे मले,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

सुभद्राबाई हसत, पण वेणी घालून झाली की छायाच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडत. रोज. तेवढ्यानं छायाचा दिवस निघे.

बुधवारी सुचिताताईंनी तिला ऑफिसात बोलावलं. आश्रमाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. आबाजींचं हे असं किती दिवस चालवायचं, त्या म्हणाल्या. उद्या डॉक्टर येतील. डोक्याचा फोटो काढायला अकोल्याला पाठवावं लागेल, कदाचित गोपालरावांना न्यायला सांगावं लागेल. ते पडले कसे, तेही नीट लिहून द्यावं लागेल, तू होतीस ना तिथं?

त्या रात्री छायाला झोप लागली नाही.

गुरुवारी डॉक्टर धम्मरत्न आले. दर महिन्यासारखं त्यांनी अर्जुनरावांना वजनाच्या काट्यावर उभं केलं. मग, काटा बरोबर दाखवतो का पाहू, म्हणून छायालाही उभं केलं. हेही दर महिन्याचंच. सुचिताताईंनी संशयाचा विषय काढला आणि त्या दिवशी ते पडले कसे, ते छायाला विचारलं.

“आबाजी नाही पडले,” छाया म्हणाली. “मले चक्कर आली. माझ्या हातून सुटले ते. कामावरून काढायचं तर काढा, पन त्याहिले इथून पाठवू नका. चूक माझी हाय.”

अर्जुनराव भिंतीकडे पाहत होते.

“भिंत लागली मले,” ते म्हणाले. “फरशी नाही लागू देल्ली हिनं. सोता खाली पडली अन् मले अंगावर झेललं. लिहायचं तर थेही लिहा.”

छायाचा पदर डोळ्यांशी गेला. दोन महिन्यांत आबाजी पहिल्यांदा धड काही बोलले होते.

सुचिताताई तिच्याकडे वळल्या. चक्कर येते तर सांगायचं नाही का, त्या म्हणाल्या, तुला काढून तुझ्यासारखी दुसरी मी आणू कुठून?

अकोल्याची गरज नाही, डॉक्टर म्हणाले. घास चाखून देणं मात्र थांबवू नका. किंबहुना उद्यापासून सगळ्याच खोल्यांत बायांनी बारा वाजता म्हाताऱ्यांसोबतच बसून जेवायचं. संगतीनं म्हातारी माणसं दोन घास जास्त खातात. सुचिताताईंनी ते लगेच वहीत लिहून घेतलं.

नोकरी राहिली, आबाजीही राहिले. छायानं मनातल्या मनात भेटतील तेवढ्या देवांना हात जोडले आणि ती सगळ्यांसाठी चहा ठेवायला गेली. कप घेऊन परतली तर खोलीचं दार लोटलेलं होतं. कोपरानं ढकलणार, तोच आतून अर्जुनरावांचा दबका आवाज आला.

“किती भरली?”

“दोन किलो वाढली,” डॉक्टर म्हणाले. “पण अंगात रक्त अजून कमीच दिसतं, आबाजी.”

“मंग उद्यापासून दुधावर शक घेतो.”