एक माणूस पुरे

“दिवे बदललेत, आता बोर्ड बदलावा लागेल. आणि बोर्ड बदलला की माणसं बदलतात, ताई, बघा हं,” असं वायरमन शिडीवरून म्हणाला होता, तेव्हा ती हसली होती. दिवे कितीही नवे आले तरी लावायला हात लागतातच की. तेव्हा बाळ पोटात होतं आणि तिला सगळंच सोपं वाटत होतं.

आता बाळ खांद्यावर होतं आणि नाट्यगृहाच्या वरच्या, काचेच्या खिडकीच्या खोलीत विक्रेता दिवे चालवायचे दोन नवे बोर्ड टेबलावर मांडत होता. भरदुपार. खाली रिकाम्या खुर्च्या. हौशी मंडळींचं छोटंसं नाट्यगृह. कमिटीने निवड या दोघींवर सोपवली होती, कारण दिवे त्याच दोघी सांभाळायच्या. ती आणि मावशी. मावशी तिथल्या कोणाचीच सख्खी मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांचीच होती.

जुना बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यावर सरकत्या दांड्यांच्या दोन ओळी. वरच्या ओळीवर चालू प्रवेशाचा उजेड, खालच्या ओळीवर पुढच्याची तयारी. त्यामुळे माणसं दोन लागायची. खेळ चालू असताना बोलायची सोय नाही. वरचा उजेड उतरवायला घेतला की मावशी हिला कोपर लावायच्या, आणि ही खालचा चढवायची. नव्या एलईडी दिव्यांना मात्र ही भाषा कळेना. मावशींनी हट्टाने एक दिवा जुन्या बोर्डाला जोडून पाहिला, तर दांडी खाली येताच तो फडफडायला लागला आणि ऐन शोकाच्या प्रवेशात मेलेल्या राजाला डोळे मिचकावत राहिला.

“यांना वीज कमीजास्त केलेली चालत नाही, आजी,” विक्रेता म्हणाला. “वीज पूर्ण द्यायची आणि वेगळ्या तारेतून हुकूम सोडायचा. लाल किती, निळा किती, उजेड किती.”

“आजी कोणाची रे? तुझ्या दुकानाची?”

विक्रेत्याने जीभ चावली. “बरं, मावशी. हा छोटा. तालमीत उजेड एकदा बसवून ठेवायचा, की खेळात नुसतं हे बटण दाबत जायचं. एक माणूस पुरे. हा मोठा, दांड्यांचा. तुमच्या जुन्यासारखाच; पण एकेक दिवा चार-चार दांड्या खाणार. याला माणसं दोन लागतील.”

“छोटा मधेच बंद पडला तर?” तिने विचारलं.

“परत चालू होतो, मॅडम.”

“आणि एखाद्या नटाने मधलं पानच गिळलं तर?”

“पुढे जायचं बटण आहे.”

मावशी म्हणाल्या, “नटालाही एक बसवून द्या.”

ती हसली. पुष्कळ दिवसांनी मोठ्या माणसाबरोबर हसली. घरी दिवसभर ती बाळाशी बोलायची, संध्याकाळी नवरा यायचा आणि चपला काढता काढता विचारायचा, “झोपलंय का?” खेळाच्या दिवशी बाळाला सासूबाईंकडे ठेवायचं हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. आज फक्त सांगायचं राहिलं होतं. बाळाच्या नाकाशी बोट धरून तिने श्वास चालू असल्याची खात्री केली, आणि तोंड उघडलं.

“मला वाटतं, मोठा...”

“छोटा दे रे,” मावशी त्याच वेळी विक्रेत्याला म्हणाल्या. “पोरगी लेकुरवाळी. तिचा जीव अर्धा घरी राहणार. कशाला तिला ओढायचं? मी करीन एकटी.”

त्या बोर्डाकडे बघत होत्या, तिच्याकडे नाही. बाळंतपणात ती नव्हती तेव्हाचे सगळे खेळ मावशींनी उरल्यासुरल्या जुन्या दिव्यांवर, दोन्ही ओळींवर एकटीने धावपळ करून निभावले होते. आता माझ्यावर विसंबणं नको झालं असेल त्यांना, तिला वाटलं. रागही असेल. आणि मग जे सांगायला ती एवढा जिना चढून आली होती ते तिने गिळलं.

“हो, छोटाच बरा,” ती म्हणाली. “मलाही आता कुठे जमणार?”

मावशींनी मान हलवली. जरा उशिराच.

“वा! पहिल्या फटक्यात एकमत,” विक्रेता खूश झाला. “नाहीतर कमिट्यांमध्ये बोर्डाआधी डोकी फुटतात. दाबून बघा, मावशी.”

मावशींनी बटण दाबलं. खाली रंगमंच पांढऱ्याचा निळा झाला, इतका अलगद की कुणी केला असं वाटूच नये. मावशींचं कोपर मात्र आपसूक बाजूला गेलं आणि विक्रेत्याच्या बरगडीत बसलं.

“काय झालं?” तो दचकून म्हणाला.

“काही नाही.”

तो टेबलाभोवतीची जागा न्याहाळू लागला. “ही दुसरी खुर्ची खाली पाठवून देऊ? ऐसपैस होईल तुम्हाला.”

“राहू दे,” मावशी म्हणाल्या. “पिशवी ठेवायला लागते.”

बाळाला सावरत ती जिना उतरली. मावशी पिशवी वापरत नसत. रस्त्यावर आल्यावर तिला ते आठवलं. बाळ रडायला लागलं होतं. ती मागे फिरली नाही.

आता खेळ असतो त्या दिवशी ती घरी बाळाला थोपटत बसते. तुम्ही कधी अशा एखाद्या छोट्या नाट्यगृहात गेलात, तर टाळ्या संपल्यावर लगेच बाहेर पडू नका. मागच्या जिन्याने वर जा, दार ढकला आणि विचारा, “मावशी, बऱ्या आहात ना?” त्या “हो” म्हणतील. तरी जरा बसा.