वयाची अट

"होते," गोजरबाई म्हणाली.

प्रश्न तिला नव्हताच. करिष्मानं तो खाटेवर बसलेल्या पुष्पांजलीला, म्हणजे गोजरबाईच्या सुनेला विचारला होता: शिंकताना, खोकताना नकळत लघवी होते का? पुष्पांजली नाही म्हणायला तोंड उघडते न उघडते तोच दारात उभ्या सासूनं उत्तर देऊन टाकलं.

करिष्मा नर्स. नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी ती जानेफळात घरोघर फिरत होती. बाळंतपणानंतर बायकांच्या अंगाला कायमची चिकटणारी दुखणी, हा तिच्या अभ्यासाचा विषय. सासवांचा तिला आता चांगलाच सराव झाला होता. सुनेला भूक किती लागते इथपासून पाळी कधी येते इथपर्यंत सगळं सासूच सांगणार आणि सून खाली मान घालून बसणार. म्हणून करिष्मा आल्या आल्या सासूला गोड बोलून बाहेर काढायची. ही मात्र चहा ठेवायला म्हणून गेली आणि चहा न ठेवताच परत आली.

"मावशी, मी यांना विचारतेय."

"इचारा ना. मी कुठं नाई म्हनतो?"

करिष्मानं मनातल्या मनात हात जोडले आणि मोबाइलवरचा पुढचा प्रश्न वाचला. "बाळंतपणानंतर जड काम कधी सुरू केलं?"

पुष्पांजलीला हसूच आलं. तिचा मुलगा घरभर पळायला लागला तरी सासूनं, तिच्या आत्याबाईंनी, तिला पाण्याचा हंडा उचलू दिला नव्हता. सून आणली का राणी आणली, म्हणून सगळी गल्ली गोजरबाईला चिडवायची.

"बारशाच्या आंधीच," दारातून उत्तर आलं. "कापूस फुटेल होता. गाठोडे वाहिले."

पुष्पांजलीचं हसू तिथंच थांबलं. करिष्मानं मोबाइल मांडीवर ठेवला. आता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई मघापासून स्वतःचं सांगत होती.

तिनं उठून गोजरबाईला आत घेतलं आणि दार लोटलं. "मावशी, खाली जड जड वाटतं का? काही बाहेर आल्यासारखं वाटतं?"

"वाटत नाई. येते." गोजरबाईचा आवाज जराही हलला नाही. "वझं उचललं का अंग बाहेर येते. मंग हातानं आत सारा लागते. कपडा आवळून बांधतो अन् कामं करतो."

"आत्याबाई!" पुष्पांजली खाटेवरून उतरली. "मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगून काय करतं? तुले असं होऊ नाई म्हनून तं हंडा उचलू देल्ला नाई."

करिष्मानं गोजरबाईला खाटेवर बसवलं. "गर्भाशय खाली सरकलंय, मावशी. यावर इलाज आहे. रिंग बसवतात, नाहीतर ऑपरेशन करतात. सोमवारी मी स्वतः तुम्हाला मेहकरच्या दवाखान्यात नेते."

"येतो," गोजरबाई म्हणाली. "पन हे लिवून घ्या."

करिष्मानं गोजरबाईचं नाव टाकलं, आधारवरचं वय टाकलं. एकसष्ट. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि पुढचा प्रश्न काही केल्या उघडेना.

"तुमचं नाव यात बसत नाही, मावशी. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्याच बाया घ्यायच्या, अशी अट आहे."

"काऊन? पन्नाशी झाली का अंग आपोआप जाग्यावर जाते?"

करिष्मानं तिथूनच आपल्या मार्गदर्शक मॅडमना फोन लावला आणि वयाची अट काढायची आहे म्हणून सांगितलं. मॅडम बराच वेळ बोलत होत्या. समितीची परवानगी नव्यानं घ्यावी लागेल, गोळा केलेली अर्धीअधिक माहिती वाया जाईल, परीक्षा सहा महिने पुढे जाईल. करिष्मानं सगळं ऐकून घेतलं.

"जाऊ द्या पुढे, मॅडम," ती म्हणाली. "मी पहिल्या घरापासून परत फिरते. सगळ्या घरांतल्या सासवांना मीच बाहेर घालवलंय."

तेवढ्यात अंगणात कुणीतरी खाकरलं. गोजरबाईचे मालक उकंडराव वांग्यांचं टोपलं घेऊन वावरातून आले होते.

"झालं का ओ सिस्टरबाई? सुनेचं काय निंघालं?"

पुष्पांजलीनं सासूला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. या घरात नवरा-बायको कामापुरतंच बोलायची. पुष्पांजलीचा नवरा जन्मल्यापासून गोजरबाई मधल्या खोलीत कडी लावून निजायची. उकंडरावांनी एकदोनदा दार वाजवून पाहिलं होतं आणि मग बायको रुसली असं समजून तेही हट्टाला पेटले होते.

गोजरबाईनं दार उघडलं.

"सुनेचं काई नाई. सोमवारी मले दवाखान्यात नेऊन राह्यले."

"तुले?" उकंडरावांच्या हातातलं टोपलं तसंच राहिलं. "तुले काय झालं?"

गोजरबाई अंगणात उतरली. त्यांच्या हातातलं टोपलं काढून तिनं ओट्यावर ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "मी रुसेल नव्हती."